ब्रशलेस मोटरची निवड (रेडिओ-नियंत्रित गाड्या व नौका)

रेडिओ-नियंत्रित गाडी किंवा नौकेसाठी ब्रशलेस मोटर (वीज पोचवणारे घासते ब्रश नसलेली) ठरवताना मोटरचे आकारमान, केव्ही (दर व्होल्टमागचे फेरे), बॅटरीतील सेलची संख्या आणि मोटरचा वेग नियंत्रित करणारा स्पीड कंट्रोलर (ईएससी) यांचा मेळ घालावा लागतो.

ब्रशलेस मोटरचा उगम केव्हाचा धरावा याविषयी एकमत नाही. टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी यांनी अर्धसंवाहक घटकांनी दिक्परिवर्तन (वेढ्यांतील प्रवाहाची दिशा बदलणे) करणाऱ्या एकदिश (डीसी) मोटरविषयी १९६२ मध्ये निबंध मांडला. बहुतेक लेखक तेथून आरंभ करतात. काहींच्या मते ही मुळात स्थायी चुंबकांची समकालिक मोटर (फिरत्या चुंबकी क्षेत्राच्याच वेगाने फिरणारी) असल्याने तिची परंपरा १८८० च्या दशकातील बहुकला (पॉलिफेज) मोटरपर्यंत जाते. रचना पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. छंदासाठी ती सोयीची झाली ती मात्र निओडिमियम चुंबक (सु. १९८३) आणि पुढे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्यावर.

केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिळणारे मिनिटाचे फेरे. ३३०० केव्हीची मोटर दोन सेलवर (७.४ व्होल्ट) सुमारे २४,४०० फेरे घेते, तीन सेलवर ३६,६००. ‘कमी केव्ही म्हणजे जास्त जोर’ हा सार्वत्रिक समज अर्धाच खरा आहे. दर अँपिअरमागील पीळ (टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये) ९.५५ भागिले केव्ही इतका असतो, म्हणून २००० केव्हीची मोटर त्याच प्रवाहावर ३३०० केव्हीच्या मोटरपेक्षा अधिक पीळ देते. पण त्याच साच्यात केव्ही घटते ती वेढे वाढवून. तार बारीक होते, रोध वाढतो आणि तेवढ्याच पिळाला उष्णता जवळजवळ तेवढीच निघते. तेव्हा जोर ठरतो तो मोटरच्या आकारमानावर व तांब्यावर. आधी आकार, मग केव्ही, हा क्रम म्हणूनच योग्य. ३६५० या आकड्यात सामान्यतः ३६ मिमी व्यास व ५० मिमी लांबी अभिप्रेत असते. बाहेरचे कवच फिरणाऱ्या मोटरींत काही उत्पादक स्टेटरची (आतल्या स्थिर, वेढ्यांच्या भागाची) मापे देतात, हे ध्यानात ठेवावे.

१:१० (खऱ्या गाडीच्या एक-दशांश) प्रमाणाच्या गाडीला ३६ मिमी व्यासाची मोटर रूढ आहे, १:८ ला ४० ते ४२ मिमीची. केव्ही थोडी चुकली तरी पिनियन (मोटरच्या शाफ्टवरील छोटे दातेरी चाक) बदलून निभावते. हळू, नेमकी चाल हवी असेल तर सेन्सरवाली (आतल्या फिरत्या भागाची स्थिती ईएससीला कळवणारी) मोटर घ्यावी. सेन्सर नसलेली मोटर सुटताना अडखळते.

नौकेत ही सवलत नाही, कारण पंखा बहुधा थेट शाफ्टवर असतो. पंख्याला लागणारा पीळ वेगाच्या वर्गाच्या व शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. दोन सेलऐवजी तीन सेल लावले आणि वेग त्याच पटीत, म्हणजे दीडपट झाला, तर प्रवाह सुमारे सव्वादोन पट आणि शक्ती जवळपास ३.४ पट लागते. मोटर जळण्याचे हे नेहमीचे कारण. पाण्याचे जॅकेट असले तरी ते कवच थंड करते, आतील रोटर (फिरता, चुंबकांचा भाग) नव्हे. आणि साध्या प्रतीच्या निओडिमियमची मर्यादा सुमारे ८० अंश सेल्सिअस आहे.

पुण्यात सुटे भाग व जोडतारांसाठी तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ परिचित आहे. नौकांच्या बाबतीत येथील मुख्य अडचण जलपर्णीची: पाषाण तलावात किंवा मुळा-मुठेत ती पंख्यात गुंतली की प्रवाह एकदम उसळतो. ईएससी मोटरच्या कमाल प्रवाहाहून निदान दीडपट क्षमतेचा घेणे हिताचे. एप्रिल-मेमध्ये टेकडीवर गाडी पळवणाऱ्याने एक दात कमी असलेला पिनियन लावावा. उन्हाळ्यात हवाच ४० अंशांजवळ असते.