ग्राफ डेटाबेसची तुलना आणि समान इंटरफेसचा प्रश्न
रिलेशनल, म्हणजे तक्त्यांत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेससाठी जेडीबीसी हा जावाचा समान इंटरफेस आला तेव्हा एसक्यूएल ही क्वेरी-भाषा मुरलेली होती. ग्राफ डेटाबेसच्या, म्हणजे डेटा नोड आणि त्यांना जोडणाऱ्या एज यांच्या रूपात ठेवणाऱ्या डेटाबेसच्या बाबतीत क्रम उलटा पडला. २०१० च्या सुमारास सर्वमान्य भाषेचा पत्ता नसताना टिंकरपॉप प्रकल्पातून ब्लूप्रिंट्स हा जावा इंटरफेस पुढे आला. त्यात व्हर्टेक्स (म्हणजेच नोड), एज आणि ग्राफ या मोजक्या संकल्पना होत्या, आणि खाली निओफोरजे हा डेटाबेस असो वा ओरिएंटडीबी, वरचा कोड तोच राहायचा. मग डेटाबेस बदलून तोच कोड चालवायचा आणि वेळ मोजायचा, हे ओघानंच आलं.

अशी तुलना न्याय्य आहे का, हा वाद इथेच सुरू झाला. जेडीबीसीतून अख्खी क्वेरी जाते आणि ती कशी चालवायची हे डेटाबेस ठरवतो. ब्लूप्रिंट्समध्ये एकेक नोड मागावा लागायचा. एखाद्याचे २०० मित्र आणि त्या प्रत्येकाचे २०० असतील, तर दुसऱ्या पायरीलाच ४०,००० एज हाताळायच्या, त्यांतल्या बहुतेकींसाठी एक आवरण-ऑब्जेक्ट तयार करायचा आणि लगेच टाकून द्यायचा. डेटाबेसला स्वतःचा प्लॅन आखायला वावच नाही. डेटा भरतानाही तेच. निओफोरजे आपण दिलेला आयडी बाजूला ठेवून स्वतःचा देतो. त्यामुळे जुन्या-नव्या आयडींची जोडणी लोडरला सांभाळावी लागते आणि तिचा वेळ डेटाबेसच्या नावावर चढतो. तुमचं अ‍ॅप्लिकेशन याच इंटरफेसवर उभं असेल तर हे आकडे तुमच्या कामाचे आहेत. त्यांवरून डेटाबेसची क्रमवारी लावणं मात्र मला अन्यायाचं वाटतं.

२०१५ मधल्या टिंकरपॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत ब्लूप्रिंट्स ग्रेमलिन या त्याच प्रकल्पातल्या ग्राफ-भाषेच्या रचनेत विलीन झालं. आता अख्खं ट्रॅव्हर्सल, म्हणजे ग्राफमधून फिरण्याच्या सगळ्या पायऱ्या, डेटाबेसच्या हाती पडू लागलं आणि त्याला त्यातल्या पायऱ्या बदलून घेता येऊ लागल्या. कोणी त्यावर मेहनत घेतली, कोणी घेतली नाही, आणि तो फरकही मोजमापात मिसळला.

तुलनेची दुसरी वाट २०१२ मध्ये युरोपातल्या एका संशोधन प्रकल्पातून निघाली. तिथे समान इंटरफेस कोडवरून वर, प्रश्नाच्या पातळीवर सरकवला गेला. प्रश्न शब्दांत मांडलेला, पॅरामीटर ठरलेले आणि उत्तर तपासलेलं. क्वेऱ्या चालवून वेळ मोजणारा ड्रायव्हर सर्वांना सारखाच, क्वेरी मात्र ज्याची त्याच्या भाषेत. माझ्या मते हीच जागा योग्य आहे, जरी प्रत्येक डेटाबेससाठी जाणकारानं क्वेऱ्या हातानं लिहाव्या लागतात आणि छोट्या प्रकल्पांना ते झेपत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये जीक्यूएल हे ग्राफ क्वेरी-भाषेचं आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं. क्वेरीचा मजकूर सगळीकडे तोच ठेवून फक्त प्लॅनरची, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाची तुलना करण्याची सोय त्यातून होऊ शकते, पण त्यासाठी आधी प्रत्येक डेटाबेसनं ते पुरतं अमलात आणायला हवं.