निवळ बेटावर पाऊस पूर्वेला का पडतो

निवळ हे मी कल्पनेनं रचलेलं बेट, कुठल्याच नकाशात सापडणार नाही. साताऱ्यात माझ्या टेबलावर ते दोन वर्षं पडून आहे. त्यातलं पहिलं वर्ष मी पाऊस चुकीच्या बाजूला पाडण्यात घालवलं.

चूक सातारकराला शोभेशीच होती. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, घाटमाथ्यावर कोसळतो आणि पूर्वेला पोचेपर्यंत रिता होतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. म्हणून मी बेटाच्या मधोमध डोंगर काढला आणि पश्चिम उतार हिरवा रंगवला. पण बेट ठेवलं होतं पॅसिफिकमध्ये, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथले व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. म्हणजे महाबळेश्वर पूर्वेला हवं आणि माण पश्चिमेला. हवाई बेटांवरही ओली बाजू पूर्वेकडचीच.

नकाशा उलटा केला आणि वस्तीचा इतिहासच बदलला. होड्या लागतात आडोशाला, शांत पाण्यात, म्हणजे कोरड्या पश्चिम किनाऱ्यावर. गोडं पाणी डोंगरापलीकडे. येणाऱ्यांच्या होडीत अळूचे कंद होते, नारळ, डुकरं, कोंबड्या होत्या, आणि अळूला तर पाणथळ जमीन लागते. दुसऱ्या पिढीत निम्मी माणसं खिंड ओलांडून गेली.

काळ मी साधारण बाराव्या शतकातला धरला, कारण पूर्व पॉलिनेशियातली (पॅसिफिकमधल्या बेटांच्या मोठ्या पट्ट्याच्या पूर्व भागातली) दूरची बेटं १००० ते १३०० च्या सुमारास वसली. रताळंही ठेवलं. ते मूळचं दक्षिण अमेरिकेचं, पण युरोपीय जहाजं येण्याआधीच पॉलिनेशियात पोचलेलं. ते कुणी आणलं यावर निवळकरांच्या तीन कथा आहेत, तिन्ही एकमेकींना खोटं पाडणाऱ्या.

गावांची नावं मात्र कोयनेनं सुचवली. धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं सांगली, सोलापूरकडे वसवली गेली, तेव्हा जुन्या गावाचं नाव आणि ग्रामदैवत बरोबर घेऊनच गेली. पॅसिफिकमध्येही तसंच: न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी, त्यांच्या कथांतली मूळ भूमी हवाइकी. हवाई आणि सामोआतलं सवाई ही त्याच नावाची भावंडं. म्हणून निवळच्या पूर्वेकडच्या गावाला पश्चिमेच्या पहिल्या वस्तीचंच नाव आहे. (नावं सध्या मराठीत आहेत. भाषा घडवायला अजून हात लावलेला नाही.)

जमिनीची वाटणी हवाईसारखी केली: माथ्यापासून समुद्रापर्यंत लांब पट्टे, म्हणजे प्रत्येक कुळाला लाकूड, शेत आणि मासळी तिन्ही मिळावं. कागदावर हे फार छान दिसतं. पण दोन पट्ट्यांमधली हद्द ओढ्यानं ठरते, आणि मोठ्या पावसात ओढा पात्र बदलतो. तिसऱ्या पिढीतले दोन चुलतभाऊ बोलेनासे झाले ते याच बांधावरून. हे लिहायला मला पॅसिफिकचं एकही पुस्तक उघडावं लागलं नाही.