लक्षणविज्ञान

लक्षणविज्ञान : रोगामुळे जाणवणाऱ्या किंवा दिसणाऱ्या बदलांचा, त्यांच्या नावांचा व अर्थाचा अभ्यास करणारी वैद्यकाची शाखा.

लक्षण आणि चिन्ह हा तिच्यातला पायाभूत भेद. रुग्णाला जाणवते व तोच सांगू शकतो ते लक्षण : वेदना, मळमळ, चक्कर, थकवा. तपासणाऱ्याला आढळते ते चिन्ह : काविळीत पिवळे झालेले डोळे, वाढलेली प्लीहा (पाणथरी). धाप मात्र दोन्हींकडे मोडते. दम कोंडल्याची जाणीव हे लक्षण, तर मिनिटाला मोजलेले वाढीव श्वास हे चिन्ह. बोलताना डॉक्टरही दोहोंना सर्रास लक्षणेच म्हणतात. तरीही हा भेद नुसता शाब्दिक नाही. वेदनेला 0 ते 10 मध्ये आकडा दिला, तरी तो रुग्णाच्याच तोंडून येतो. त्याची शहानिशा करणारे यंत्र नाही.

एकाच लक्षणावरून रोग ठरणे विरळा, कारण ताप किंवा डोकेदुखी शेकडो विकारांत असते. गोवरात पुरळ उठण्याआधी गालांच्या आतल्या बाजूस दिसणारे पांढुरके ठिपके हा ठळक अपवाद. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी 1896 मध्ये त्यांचे निदानातील महत्त्व दाखवून दिले. मुख्य रोग प्रकटण्यापूर्वीच्या अशा खुणांना आयुर्वेदात ‘पूर्वरूप’ म्हणतात. नेहमी एकत्र आढळणाऱ्या लक्षण-चिन्हांच्या गटाला संलक्षण किंवा सिंड्रोम म्हणतात. अंगावर सूज, लघवीतून जाणारी भरपूर प्रथिने आणि रक्तात घटलेले अल्ब्युमिन हे प्रथिन मिळून मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक सिंड्रोम होतो; त्यामागची कारणे मात्र अनेक असू शकतात.

दुखते तिथेच बिघाड असतो असेही नाही. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात किंवा जबडा दुखू शकतो. हृदयाकडून आणि हाताकडून येणारे चेतातंतू मज्जारज्जूच्या त्याच पातळ्यांवर पोहोचतात, त्यामुळे मेंदूची गफलत होते. अपेंडिक्सचे दुखणेही बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन मग उजवीकडे खाली सरकते.

पूर्वी ताप, जलोदर (पोटात पाणी साठणे) हेच स्वतंत्र रोग मानले जात. ही समजूत मोडायला हात आणि कान कामी आले. ऑस्ट्रियन डॉक्टर लेओपोल्ड आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आवाज पारखण्याची पद्धत मांडली. फ्रेंच डॉक्टर रने लेनेक यांनी 1816 मध्ये पॅरिसमध्ये स्टेथोस्कोप बनवला आणि जिवंतपणी ऐकलेले आवाज शवविच्छेदनात दिसलेल्या फुप्फुसांशी ताडून पाहिले. जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांचा शरीराच्या तापमानावरचा ग्रंथ 1868 मध्ये आला. तापाला रोग न मानता रोगाची खूण मानण्याचा विचार त्याने रुजवला. माझ्या मते या शाखेतले सर्वांत मोठे वळण हेच.

लक्षणांवर विसंबण्यालाही मर्यादा आहे. उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही, तो मोजल्यावरच कळतो. मधुमेहात चेतातंतूंना इजा झालेली असेल, तर हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो.