ज्या देशात चुका जास्त सापडतात, तो देश खरंच जास्त चुकतो का?

देशांच्या आरोग्यसेवेची रँकिंग आली की आपण पहिलं काय बघतो तर वर कोण आणि भारत कितवा. २०१८ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये असाच एक इंडेक्स छापून आला होता, म्हणजे वेळेवर बरे उपचार मिळाले असते तर ज्या आजारांत माणूस जायला नको होता त्यातले मृत्यू बघून १९५ देश क्रमाने लावलेले, त्यात आइसलँड पहिला आणि भारत १४५ वा. देशातल्या देशात गोवा आणि केरळ ६० गुणांच्या वर, उत्तर प्रदेश आणि आसाम ४० च्या खाली, म्हणजे एकाच देशाच्या पोटात दोन वेगळे देश.

पण अशा दोन लिस्ट शेजारी ठेवून बघा, गोंधळ उडतो. कॉमनवेल्थ फंड नावाची अमेरिकेतलीच संस्था श्रीमंत देशांची तुलना करते, २०२४ च्या रिपोर्टमध्ये १० देशांत अमेरिका शेवटची, पण डॉक्टरसमोर बसल्यावर प्रत्यक्ष उपचार कसे होतात एवढंच बघितलं तर तीच अमेरिका दुसरी. २०१४ मध्ये ब्रिटन ११ देशांत पहिला होता आणि लोक किती निरोगी जगतात या रकान्यात दहावा. यात खोटं काहीच नाही, तुम्ही कुठलं माप लावता त्यावर सगळं ठरतं. आणि प्रश्न उपचारातल्या चुकांचा असेल तर हे माप फारच घसरतं, मला आज त्याबद्दलच लिहायचंय.

हॉस्पिटलमधल्या चुका मोजतात कशा हे आधी बघू. जुने केसपेपर काढतात, हजारोंनी. ट्रेनिंग घेतलेल्या नर्स एकेक फाइल वाचतात आणि काही ठरावीक खुणा शोधतात, ठरलेलं नसताना पेशंटला परत ओटीत न्यावं लागलं का, डिस्चार्जनंतर थोड्याच दिवसांत परत अ‍ॅडमिट केलं का, अचानक आयसीयूत हलवलं का, इन्फेक्शन झालं का. खूण सापडली की ती फाइल डॉक्टरांकडे जाते आणि ते ठरवतात की हा त्रास आजारामुळे झाला की उपचारामुळे. उपचारामुळे झालेला प्रत्येक त्रास म्हणजे चूक नव्हे हेही लक्षात घ्या. पहिल्यांदाच पेनिसिलिन दिलं आणि रिअ‍ॅक्शन आली तर ती चूक नाही, पण अ‍ॅलर्जी आहे असं केसपेपरवर लिहिलेलं असताना दिलं तर ती चूक आहे.

या पद्धतीचा एक गाजलेला अभ्यास न्यूयॉर्क राज्यातला, हार्वर्डच्या लोकांनी केलेला, १९८४ सालच्या ३०,००० हून जास्त फाइली वाचून, त्यात ३.७ टक्के पेशंटना उपचारामुळे इजा झाल्याचं दिसलं. मग युटा आणि कोलोरॅडो या राज्यांत १९९२ च्या फाइलींवरून २.९ टक्के. आणि त्याच १९९२ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या २८ हॉस्पिटलच्या १४,००० फाइली बघितल्या तर आकडा आला १६.६ टक्के!

१९९५ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा ऑस्ट्रेलियात किती खळबळ माजली असेल विचार करा, आपली हॉस्पिटलं अमेरिकेपेक्षा पाच-सहा पट धोकादायक आहेत असाच त्याचा सरळ अर्थ निघत होता. पण दोन्हीकडच्या संशोधकांनी एक फार चांगली गोष्ट केली, एकमेकांवर चिखलफेक न करता दोघं एकत्र बसले आणि दोन्हीकडचा डेटा शक्य तेवढ्या सारख्या नियमांनी परत मोजला. २००० मध्ये ते छापून आलं. ऑस्ट्रेलियाचा आकडा १०.६ वर उतरला, अमेरिकेचा ३.२ झाला, म्हणजे तरीही तिपटीचा फरक राहिलाच. मग त्यांनी फक्त गंभीर घटना वेगळ्या काढल्या, आणि तिथे दोन्ही देश जवळजवळ सारखे निघाले, मोठं अपंगत्व साधारण १.७ टक्के आणि मृत्यू ०.३ टक्के. फरक होता तो सगळा बारीकसारीक घटनांमध्ये, ज्या ऑस्ट्रेलियाच्या लोकांनी टिपल्या आणि अमेरिकेच्या लोकांनी सोडून दिल्या.

का सोडल्या? कारण दोघं फाइल उघडताना मनात वेगळा प्रश्न घेऊन बसले होते. अमेरिकेतले अभ्यास डॉक्टरांवरच्या खटल्यांच्या प्रश्नातून आले होते, हलगर्जीपणा किती होतो आणि त्याची नुकसानभरपाई कुणाला मिळते हे त्यांना बघायचं होतं, त्यामुळे कोर्टात टिकेल अशा गोष्टींवर लक्ष. ऑस्ट्रेलियाला बघायचं होतं की यातलं काय टाळता येईल, त्यामुळे त्यांनी छोटं-मोठं सगळंच लिहून काढलं. मला हा निष्कर्ष या सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि तरी बातम्यांत तो कधीच दिसत नाही. पुढे लंडनच्या दोन हॉस्पिटलांत १०.८, न्यूझीलंडमध्ये १२.९, कॅनडात ७.५ टक्के असे आकडे आले, ते एकाखाली एक लिहून कॅनडा न्यूझीलंडपेक्षा बरा म्हणणं म्हणजे दोन वेगवेगळ्या वजनकाट्यांवर मोजलेल्या भाजीची तुलना करणं आहे.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने जाहीर केलं की तिथल्या हॉस्पिटलांत चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरतात. एवढी मोठी रेंज का, तर कमी आकडा युटा-कोलोरॅडोवरून काढलेला आणि जास्तीचा न्यूयॉर्कवरून. २०१६ मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अडीच लाखांचा आकडा आला, मृत्यूचं तिसरं मोठं कारण म्हणून तो जगभर फिरला, पण त्यासाठी नव्याने फाइली वाचल्या नव्हत्या, आधीच्या मोजक्या अभ्यासांची सरासरी काढून ती देशभराला लावली होती, आणि त्यावर तज्ज्ञांनी बरीच टीका केली. जगातल्या सगळ्यात महागड्या सिस्टीममध्ये ही स्थिती.

आता एकच चूक जवळून बघू. पोटॅशियम क्लोराईडचं इंजेक्शन, पोटॅशियम कमी झालेल्या पेशंटला सलाईनमध्ये मिसळून हळूहळू देतात, पण तेच पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने अशा १० मृत्यूंचा अभ्यास मांडला. त्यातल्या ८ मध्ये हे औषध पातळ न करता दिलं गेलं होतं आणि त्या ८ पैकी ६ वेळा ते भलतंच औषध समजून दिलं होतं, कारण बाटल्या आणि लेबलं सारखी. रात्रीची ड्युटी, घाई, दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी शेजारी, अशात हात चुकीच्या बाटलीवर पडायला किती वेळ लागतो. त्या सिस्टरला काढून टाकलं तरी बाटली तिथेच राहते आणि पुढच्या महिन्यात दुसरी सिस्टर तिथेच येते. म्हणून उपाय काय सांगितला, तर तीव्र पोटॅशियम वॉर्डात ठेवूच नका, फार्मसीतून पातळ केलेलंच येऊ दे. ब्रिटनने २००२ मध्ये पेशंट सेफ्टीची देशपातळीवरची पहिली सूचना काढली तीही याच औषधाबद्दल.

पण हे १० मृत्यू कुणीतरी कळवले म्हणून एकत्र दिसले ना! इथेच देशादेशातला खरा फरक आहे. डेन्मार्कने २००४ पासून कायदाच केला की डॉक्टर-नर्सनी अशी घटना कळवलीच पाहिजे आणि कळवलं म्हणून त्यांच्यावर कारवाई करता येणार नाही, २०११ पासून पेशंट आणि नातेवाईकही कळवू शकतात. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाताची भरपाई सरकारी योजनेतून मिळते, उपचारातून झालेल्या इजेसाठी कुणाची चूक हे सिद्ध करायची अट २००५ मध्ये पूर्ण काढली, त्यामुळे भरपाईसाठी डॉक्टरला कोर्टात खेचायची गरजच उरत नाही. अशा देशांत आकडे वाढलेले दिसणारच, आणि ते वाढलेले दिसणं ही चांगली खूण आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे काय? लॅन्सेटच्याच २०१८ च्या दुसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात वर्षाला साधारण १६ लाख मृत्यू दवाखान्यापर्यंत पोचूनही उपचार नीट न मिळाल्यामुळे होतात आणि सुमारे ८ लाख ३८ हजार दवाखान्यापर्यंत न पोचल्यामुळे. म्हणजे हॉस्पिटल बांधून अर्धाही प्रश्न सुटत नाही, आत काय चालतं हा मोठा भाग. आणि हे अंदाजच आहेत, कारण २०२० च्या सरकारी आकडेवारीत नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं (गोव्यात मात्र १०० टक्के, छोटं राज्य असलं तरी कौतुकच आहे). बाकीच्यांचं कारणच धड माहीत नाही तर त्यातली चूक कोण शोधणार. आपल्याकडे पेशंटच्या हातात मुख्यतः ग्राहक कोर्ट, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने डॉक्टरी सेवा त्यात आली, ते आवश्यकच होतं, पण कोर्टातून एका कुटुंबाला न्याय मिळतो, वॉर्डातली बाटली हलत नाही. आणि तोडफोडीच्या भीतीने हॉस्पिटल जे काही झालं ते आतल्या आत दाबणार, मग शिकणार कुणाकडून.

तरी एक रस्ता उघडा आहे आणि तो फार कमी लोकांना माहितीय. औषधांचे दुष्परिणाम नोंदवायला भारतात २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम चालू आहे, गाझियाबादहून चालतो, आणि तिथे डॉक्टरच नाही तर पेशंट किंवा घरचे लोकही कळवू शकतात, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. त्यात औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय त्रास झाला, कधी थांबला एवढं विचारतात, म्हणून रिअ‍ॅक्शन आली तर गोळ्यांची स्ट्रिप रागाने कचऱ्यात टाकू नका, जपून ठेवा आणि तिचा फोटो काढून ठेवा.