चार वर्षांचे, चौदा वर्षांचे आणि एकच पट्टी : नागपूरच्या चर्चमधील बालगायनाची पार्श्वभूमी

नागपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधील, म्हणजे चर्चच्या उपासक-समुदायांतील, संडेस्कूलमध्ये आणि मे महिन्याच्या सुट्टीत सकाळच्या वेळी भरणाऱ्या बायबल शाळेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘व्हीबीएस’मध्ये (व्हेकेशन बायबल स्कूल), नुकतीच बालवाडीत जाऊ लागलेली आणि दहावीला टेकलेली मुले पुष्कळदा एकत्रच गायला उभी राहतात. धाकट्यांना वाचता येत नाही, थोरल्यांना हातवारे करत गाण्याची लाज वाटते आणि मधल्यांना एकच कडवे पुन्हा पुन्हा म्हणण्याचा कंटाळा येतो. त्यामुळे गायन चालवणाऱ्याला ही आपल्याच काळातील अडचण वाटते. वास्तविक वयोगट वेगळे करून शिकवण्याची रीत शे-सव्वाशे वर्षांची आहे, तर सर्व वयांनी मिळून गाण्याची रीत तिच्यापेक्षा फार जुनी असून त्या रीतीने आपली उत्तरे केव्हाच शोधून ठेवलेली आहेत.

बायबलमधील स्तोत्रसंहिता या गीतग्रंथातील 136व्या स्तोत्रात 26 वचने आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच आहे : ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ पूर्वार्धात सृष्टीची उत्पत्ती, मिसरमधून (इजिप्तमधून) सुटका, अरण्यातील वाटचाल असे पुढे पुढे जाणारे कथानक आहे, ते एकाने सांगावे आणि उरलेल्यांनी न बदलणारी ओळ म्हणावी, अशी ही बांधणी आहे. जो वाचू शकतो तो पूर्वार्धात सामील होतो आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी उत्तरार्ध आहे. मंदिरात मुले येशूचा जयजयकार करू लागली तेव्हा मुख्य याजक संतापले आणि येशूने त्यांना लेकरांच्या मुखातील स्तुतीविषयी बोलणाऱ्या 8व्या स्तोत्राचा दाखला दिला, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात आहे. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) मुलांना मिरवणुकीत पुढे ठेवण्याचा प्रघात या प्रसंगाशी जुळतो. तो जयजयकारही एका लहान, सहज उचलता येणाऱ्या घोषणेचाच होता.

मुलांसाठी स्वतंत्र गीते लिहिण्याची कल्पना इंग्लंडमध्ये रुजली. आयझॅक वॉट्स यांचा मुलांसाठीचा पद्यसंग्रह 1715 साली निघाला. पुढे 1780 मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी ग्लॉस्टर येथे कष्टकरी मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. तेथे सहा वर्षांपासून बारा-चौदा वर्षांपर्यंतची मुले येत आणि गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या या मुलांपैकी अनेकांना वाचनाचा गंधही नसे. अशा मुलांना स्वरलिपी शिकवायची कशी, हा प्रश्न 1841 मध्ये हल येथील रविवार-शाळा शिक्षकांच्या परिषदेत निघाला आणि सोपी पद्धत शोधण्याचे काम जॉन कर्वेन या तरुण पाळकावर सोपवण्यात आले. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांनी आधीच आखलेल्या पद्धतीवर संस्कार करून कर्वेन यांनी ‘टॉनिक सोल-फा’ प्रचारात आणली. तिच्यात पहिला स्वर कोणत्याही पट्टीवर धरता येतो आणि बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने ओळखले जातात. पुढे त्यांनी प्रत्येक स्वराला हाताची एक खूणही जोडली. षड्ज हवा तेथे लावून सरगम म्हणणाऱ्या आपल्याकडील मुलांना यात नवे असे फारसे काही नाही. युरोपला मात्र ही सोय मुद्दाम घडवावी लागली आणि तिचे निमित्त संमिश्र वयाच्या, निरक्षर मुलांचा वर्ग हे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नागपुरात प्रॉटेस्टंट मिशनचे काम 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप यांच्या आगमनाने सुरू झाले. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते आणि त्या चर्चची उपासना त्या काळी वाद्यांशिवाय, केवळ स्तोत्रगायनाची होती. स्कॉटिश परंपरेत अग्रगायक एक ओळ गाऊन दाखवी आणि मंडळी ती उचलीत. पुस्तके दुर्मीळ व वाचणारे थोडे असताना हाच मार्ग होता. फ्री चर्चने उपासनेत ऑर्गनला मोकळीक दिली ती 1883 मध्ये, आणि नागपुरात हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले तेही त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्यावरून एवढे कळते की येथील मंडळीची पहिली पिढी ज्या चर्चच्या छायेत वाढली त्या चर्चला गायनासाठी पेटीची गरज वाटत नव्हती. हिस्लॉप स्वतः गोंड समाजाच्या मौखिक परंपरेचे अभ्यासक होते आणि गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचे दीर्घ गीत त्यांच्या टिपणांतून, त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये छापले गेले. पुस्तकाविना गाणारा समाज त्यांच्या अवतीभवतीच होता.

मराठी ख्रिस्ती गायनाला या मातीचा घाट देण्याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांना जाते आणि त्यांच्या आयुष्याचा एक महत्त्वाचा धागा नागपूरशी बांधलेला आहे. नागपूरहून राजनांदगावला निघालेले असताना, 1893 मध्ये, आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोपर्यंत मराठी मंडळ्यांतील बरीच गीते परक्या चालींवर मराठी शब्द बसवून तयार झालेली होती. अशा चालीत दीर्घ-ऱ्हस्वाची ओढाताण होते आणि लहान मूल नेमके तेथेच अडखळते. टिळकांनी अभंग, पद, भजन आणि कीर्तन ही साधने उपासनेत आणली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. अभंगात पुढे म्हणणारा आणि मागे धरणारे अशी विभागणी मुळातच असते, आणि मागे धरणाऱ्यांत आजोबांच्या मांडीवरचे नातवंडही टाळ्या वाजवत सहभागी असते. टिळकांनी हे मुलांची सोय म्हणून केले असे म्हणता येणार नाही, परंतु त्याचा सर्वाधिक लाभ मुलांनाच झाला, असे माझे मत आहे.

वयाप्रमाणे वर्ग पाडण्याची शिस्त यानंतरची. अलाहाबाद येथे 1876 मध्ये इंडिया संडेस्कूल युनियन स्थापन झाली तेव्हा रविवार-शाळांमध्ये सर्वांसाठी एकच धडा हीच चाल होती. अमेरिकेतील रविवार-शाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वयानुसार श्रेणीबद्ध धड्यांना मान्यता दिली ती 1908 मध्ये. सुट्टीतील बायबल शाळेचा उगमही तिकडचाच : 1898 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी असा वर्ग चालवला. बिगिनर, प्रायमरी, ज्युनिअर ही वयोगटांची नावे या परंपरेतून आली. धडा वर्गावर्गांत वाटला गेला, तरी आरंभीचे आणि शेवटचे गायन एकत्रच राहिले, आणि म्हणून गायन चालवणाऱ्याकडे सगळ्या वयांचा भार आला.

कॅथलिक चर्चमध्ये मुलांच्या सहभागाकडे वळण उशिरा आले, पण ते लेखी स्वरूपात आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्यानंतर 1 नोव्हेंबर 1973 रोजी मुलांसोबतच्या मिस्साविषयी (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीविषयी) स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. मुले स्वतः वाद्ये वाजवत असतील तर ती उपयोगी ठरतात, हालचालीला आणि लहान जयघोषांना वाव द्यावा, मात्र ध्वनिमुद्रित संगीत जपून वापरावे, असा तिचा रोख आहे.

नागपूरची स्वतःची गुंतागुंत भाषेची आहे. मध्य प्रांताची राजधानी असलेले हे शहर 1956 पर्यंत हिंदी-मराठी अशा जोडप्रांताचा भाग होते. रेल्वे, कामठीची छावणी आणि मिशनच्या शाळा-रुग्णालये यांच्यामुळे तेलुगू, तमिळ, मल्याळम् बोलणारी कुटुंबेही येथील मंडळ्यांत मिसळली. शिवाय 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात सहा चर्चसंस्थांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट आणि इतर मंडळ्यांच्या निरनिराळ्या गायनरीती त्यामुळे एका छत्राखाली आल्या. येथील मुलांचे गायन मराठी भजन, हिंदी कोरस आणि इंग्रजी ॲक्शन साँग (हातवाऱ्यांसह गायचे गाणे) यांच्यात हेलकावे खाते, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

इतिहासाने न बदललेली गोष्ट म्हणजे गळा. चार-पाच वर्षांच्या मुलाला पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा एवढाच पल्ला सुखाने झेपतो. दहा-अकरा वर्षांची मुले वरच्या सप्तकात सहज जातात. तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटू लागला की तो सप्तकभर खाली उतरतो आणि मध्येच दगा देतो. सर्वांना पेलेल असे ध्रुवपद म्हणूनच आखूड पल्ल्याचे लागते आणि उंच जाणारी कडवी मधल्या वयाकडे सोपवावी लागतात. आवाज फुटलेल्या मुलांना ढोलक, खंजिरी किंवा पेटीचा भाता दिला की ती लाज न वाटता गायनात टिकतात, हे अनेक पाळकांनी आणि संडेस्कूलच्या बाईंनी अनुभवाने जाणलेले आहे.

अलीकडे तयार ट्रॅक लावून त्यावर मुलांना गायला लावण्याची पद्धत वाढली आहे. ट्रॅकची पट्टी बहुधा मोठ्यांच्या आवाजासाठी ठरलेली असते आणि लय कोणासाठीच थांबत नाही. पेटीवर बसलेला माणूस धाकट्यांचा श्वास संपलेला पाहून ओळ सैल करू शकतो, थोरल्यांना आणखी एक कडवे देऊ शकतो आणि पट्टी एका सुराने उतरवू शकतो. मोबाइलमध्ये पट्टी बदलण्याची सोय आता आहे खरी, तथापि ती बदलायची कधी हे समोरच्या मुलांचे चेहरे पाहूनच ठरवावे लागते.