संग्रहालयाला टाळं लागणं आणि कसब थांबणं: बर्टनच्या दोन बातम्या

इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातून गेल्या काही वर्षांत दोन वाईट बातम्या आल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथलं बिअरचं संग्रहालय, नॅशनल ब्रुअरी सेंटर, बंद झालं. मग जानेवारी २०२४ मध्ये मार्स्टन्स ब्रुअरीतली, म्हणजे बिअरच्या कारखान्यातली, ‘बर्टन युनियन’ ही बिअर आंबवायची जुनी पिंपं कायमची थांबवणार असं जाहीर झालं. दोन्ही वेळा लोक हळहळले ते एकाच शब्दांत: वारसा गेला. पण दोन्हींत गेलं ते वेगवेगळं, आणि वाचवायचे उपायही वेगवेगळे आहेत.

बर्टनचा आपल्याशीही संबंध आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर, त्यामुळे फिकट रंगाची, हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा स्वच्छ उतरलेली बिअर तिथे उत्तम जमते. १८२० च्या दशकापासून ही बिअर पिंपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला येऊ लागली. इंडिया पेल एल म्हणतात ती हीच; एल हा बिअरचाच एक प्रकार.

संग्रहालय बर्टनच्याच बास या बिअर कंपनीने १९७७ मध्ये, स्वतःच्या द्विशताब्दीच्या वर्षी उघडलं. २००८ मध्ये ते बंद पडलं, गावकऱ्यांनी आवाज उठवला आणि २०१० मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरू झालं. २०२२ मध्ये मालक कंपनी मोल्सन कूर्सला ती जागा मुख्य कार्यालयासाठी हवी होती. म्हणजे जागा गेली. वस्तू आणि कागद मात्र उरले, आणि ते जपायला एक न्यासही आहे. कागद म्हणजे ब्रुअरीच्या चोपड्या: कोणत्या दिवशी किती माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), किती हॉप्स, तापमान किती. अशा नोंदींवरून जाणकार ब्रुअर शंभर वर्षांपूर्वीची बिअर बऱ्यापैकी जवळ जाईल अशी बनवतात. या चोपड्या गोदामात कुलूपबंद पडून राहिल्या तर नुकसान आहेच. पण ते भरून निघू शकतं. बिअर आंबवणाऱ्या यीस्टचंही तसंच: नॉर्विचच्या यीस्ट संग्रहात जुने वाण सांभाळून ठेवलेले आहेत.

युनियनची गोष्ट अशी नाही. ओकच्या मोठ्या पिंपांची रांग, सगळी एकमेकांना नळीने जोडलेली. आंबायला लागलेली बिअर त्यांत सोडायची. जोर चढला की फेस प्रत्येक पिंपाच्या डोक्यावरच्या हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीतून वर येतो आणि वरच्या लांब पन्हाळीत पडतो. यीस्ट पन्हाळीत राहतं, बिअर उतारावरून परत पिंपांत जाते. त्या पन्हाळीतलं जोमदार यीस्ट पुढच्या घाण्याला वापरायचं. १८३८ मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत मार्स्टन्स पेडिग्री या बिअरसाठी चालवत होते. पण तिला सतत बिअर लागते, आणि पिंपांची डागडुजी करणारा कारागीर लागतो. पारंपरिक पिंपातल्या एलची मागणी घटली, तशी युनियन भरण्याएवढी बिअर उरली नाही. कंपनीने कारण दिलं ते हेच.

संग्रहालयाच्या आवारात बासची जुनी युनियन उघड्यावर मांडलेली होती. रचना समजून घ्यायला ती चांगली. पण लाकडी पिंप कोरडं पडलं की फळ्या आकसतात, सांधे सुटतात. फेस कधी वर येईल, पिंप कुठे झिरपतंय, धुताना लाकडात काय राहून जातं, हे त्या कोरड्या रांगेवरून कुणी शिकू शकत नाही. चोपडीतही ते लिहिलेलं नसतं, कारण रोज करणाऱ्याला ते लिहावंसं वाटत नाही. म्हणूनच मला दुसरी बातमी जास्त गंभीर वाटते.

तिचा शेवट मात्र पूर्ण वाईट झाला नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनी शब्द टाकला, आणि २०२४ मध्येच एक युनियन संच डर्बिशरमधल्या बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीकडे गेला. काहींचं म्हणणं, पाणी बर्टनचं नाही, गाव बर्टन नाही, मग हा वारसा कसला? मला ते पटत नाही. पिंपं निकामी होण्याआधी, मार्स्टन्सची माणसं विचारायला हाताशी असतानाच ती हलली, म्हणून हे जमलं. दहा वर्षं कोरडी ठेवून नंतर कुणाला दिली असती तर नुसतं लाकूड पोहोचलं असतं. थॉर्नब्रिजने ती भरली आणि त्यांत बिअर आंबवायला सुरुवात केली. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या इंडिया पेल एलचं नाव आहे जयपूर.