‘टीडीआर’: तीन अक्षरांच्या वादाची पार्श्वभूमी

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, तेव्हा बहुतेक बातम्यांचा भर ‘दोन वर्षांऐवजी सहा महिने’ यावरच होता. तो चुकीचा नव्हता. मात्र या रोगाला ‘टीडीआर’, म्हणजे ‘कोणत्याच औषधाला न जुमानणारा’, म्हणावे का यावरून देशातला सर्वांत कडवा वाद ज्या मुंबईत झाला, त्या शहराला या सहा महिन्यांकडे पाहताना जानेवारी २०१२ आठवतोच. तो वाद नेमका कशाचा होता हे समजायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याचे कारण नाही. जंतूचा शोध १८८२ चा असला, तरी औषधप्रतिरोधाची गोष्ट औषध आल्यावरच सुरू होते. १९४८ मध्ये ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांअखेर औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले होते, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. परंतु पाच वर्षांनी दोन्ही गटांतला फरक बराच पुसट झाला होता, कारण अनेकांच्या थुंकीतील जंतू त्या एकट्या औषधाला सरावले होते. यामागचा हिशोब सरळ आहे. आयसोनियाझिड या क्षयरोगाच्या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एखादा आपोआप निपजतो आणि फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. एकच औषध दिले तर उरतात ते नेमके प्रतिरोधी जंतू. म्हणून औषधे नेहमी एकत्र द्यावीत आणि फसलेल्या उपचारात एकच नवे औषध कधीही वाढवू नये, हे दोन नियम १९५० च्या दशकातच ठरून गेले. त्यांतला दुसरा नियम पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवावा.

रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवले काय किंवा घरी औषधे दिली काय, गुण सारखाच येतो, हे मद्रासमधील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवले आणि १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तेच धोरण स्वीकारले. मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातील खाटा भरलेल्याच राहिल्या, पण खरा उपचार आता चाळीत आणि झोपडपट्टीत होऊ लागला. रिफाम्पिसिन हे औषध हाताशी आल्यावर तो सहा-आठ महिन्यांवर आला.

१९९७ मध्ये सुधारित कार्यक्रम, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘डॉट्स’, सुरू झाला आणि २००६ पर्यंत देशभर पोहोचला. केंद्रावर प्रत्येक रुग्णाच्या नावाचा वेगळा खोका असे: पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याचा लाल, पूर्वी उपचार घेऊन पुन्हा आलेल्याचा निळा. आठवड्यातून तीनदा यायचे आणि कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या घ्यायच्या. या पद्धतीने लाखो लोक बरे झाले, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दुमत आहे ते निळ्या खोक्याविषयी. ‘कॅट-टू’ नावाच्या या आठ महिन्यांच्या उपचारात पहिल्याच चार औषधांना स्ट्रेप्टोमायसिनची जोड दिलेली होती. फसलेल्या उपचारात एकच नवे औषध वाढवू नये हा नियम चाळीस वर्षांपूर्वी ठरलेला असताना अधिकृत पद्धतीतच तो मोडला जात होता. त्या वेळचे समर्थन असे की पुन्हा येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे जंतू साध्या औषधांना दाद देत होते आणि प्रत्येकाच्या थुंकीचे कल्चर करणाऱ्या, म्हणजे त्यातले जंतू वाढवून तपासणाऱ्या, प्रयोगशाळा नव्हत्या. हे खरेच होते. पण ज्यांचे जंतू आधीच प्रतिरोधी होते, त्यांचा रोग या आठ महिन्यांत आणखी एका औषधाला निर्ढावण्याची पुरेपूर सोय झाली. कॅट-टूची शिफारस जागतिक पातळीवर मागे घेतली गेली ती २०१७ मध्ये. प्रस्तुत लेखकाच्या मते या पार्श्वभूमीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि त्यावर सर्वांत कमी बोलले गेले.

खासगी दवाखान्यांत कोणताच खोका नव्हता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईच्या झोपडपट्टीतील सुमारे १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगावर ८० वेगवेगळ्या तऱ्हेचे उपचार लिहून दिले होते. दोन दशकांनी, २०१० मध्ये, धारावीत तीच परीक्षा पुन्हा घेतली गेली. १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हा लिहिल्या आणि बिनचूक चिठ्ठी फक्त ६ जणांची निघाली.

या पार्श्वभूमीवर मध्य मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या डॉक्टरांचे छोटेसे पत्र डिसेंबर २०११ मध्ये एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकात आले. चार रुग्णांचे जंतू प्रयोगशाळेत तपासलेल्या सर्व औषधांना, पहिल्या फळीच्या म्हणजे नेहमीच्या आणि ती फसल्यावर द्यायच्या दुसऱ्या फळीच्याही, दाद देत नसल्याचे त्यात म्हटले होते. या अवस्थेसाठी लेखकांनी ‘टोटली ड्रग-रेझिस्टंट’ हा शब्द वापरला. त्याचेच लघुरूप ‘टीडीआर’. जानेवारीत बातमी फुटली, तोवर रुग्णांची संख्या बारावर गेली होती.

ज्याने असा रिपोर्ट हातात धरला आहे त्याला हा शब्द का सुचला असेल ते कळते. कल्चरच्या नळीतल्या हिरवट माध्यमावर पावाच्या चुऱ्यासारख्या पिवळसर वसाहती उगवायला कित्येक आठवडे लागतात. मग औषध घातलेल्या नळ्यांत तेच जंतू पुन्हा वाढवून पाहतात आणि औषधांच्या यादीपुढे ‘एस’ (औषध लागू पडते) किंवा ‘आर’ (जंतू प्रतिरोधी) असे एकेक अक्षर छापले जाते. त्या रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत ‘आर’ होते.

केंद्र सरकारने बातमी दिशाभूल करणारी ठरवली. आक्षेप तीन होते: असा शब्द जागतिक व्याख्येत नाही, ज्या प्रयोगशाळेने तपासणी केली तिला दुसऱ्या फळीच्या औषधांच्या चाचणीसाठी सरकारी कार्यक्रमाची मान्यता नाही, आणि हे रुग्ण ‘एक्सडीआर’ (दुसऱ्या फळीच्याही काही प्रमुख औषधांना न जुमानणारा क्षयरोग) या गटात बसवता येतात. केंद्राचे पथक मुंबईत आले आणि नमुने बेंगळुरूला फेरतपासणीसाठी गेले. खरे तर हा शब्द मुंबईत जन्मलेला नव्हता. इटलीतील दोन रुग्णांविषयी २००७ मध्ये आणि इराणमधील १५ रुग्णांविषयी २००९ मध्ये तशाच अवस्थेचे वर्णन झाले होते, आणि तेव्हा एवढा गदारोळ उठला नव्हता.

मार्च २०१२ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिने हा शब्द स्वीकारायला नकार दिला. दुसऱ्या फळीच्या काही औषधांच्या प्रयोगशाळेतील चाचण्या भरवशाच्या नसतात, म्हणजे रिपोर्टवर ‘आर’ आले तरी रुग्णाला औषध थोडेफार लागू पडू शकते. या रुग्णांचे भवितव्य ‘एक्सडीआर’ रुग्णांपेक्षा वेगळे असते असा पुरावा नव्हता. शिवाय नवी औषधे येऊ घातली होती आणि त्यांविरुद्ध हे जंतू तपासलेलेच नव्हते, मग ‘पूर्णतः’ म्हणायचे ते कशाच्या आधारे? शास्त्राच्या दृष्टीने या आक्षेपांना उत्तर नाही. बोलीभाषेत ‘पूर्णतः प्रतिरोधी’चा अर्थ बघता बघता ‘असाध्य’ होतो आणि ‘असाध्य’ ऐकलेल्या रुग्णाला घरातलेही टाळू लागतात, हा मुद्दाही खोटा नव्हता. तरीही शब्द नाकारण्याच्या घाईत वस्तुस्थितीच नाकारल्यासारखे झाले, हे म्हणावेच लागेल. चर्चा अक्षरांवर अडली. कोणत्या चार डॉक्टरांनी कोणती औषधे किती दिवस दिली आणि त्या सगळ्या काळात एकदाही कल्चर का झाले नाही, हे प्रश्न मागे पडले.

मुळात या सगळ्या संज्ञा जंतूपेक्षा आपल्या औषधांच्या कपाटाचेच वर्णन करतात. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन हुकमी औषधांना न जुमानणारा तो ‘एमडीआर’. त्यावर फ्लुरोक्विनोलोन गटाला आणि तीनपैकी एखाद्या इंजेक्शनलाही न जुमानणारा तो ‘एक्सडीआर’, अशी व्याख्या २००६ मध्ये झाली. दक्षिण आफ्रिकेतील एका खेड्यातल्या अशा ५३ रुग्णांपैकी ५२ दगावल्याने जग हादरले, ते त्याच वर्षी. जानेवारी २०२१ मध्ये व्याख्या बदलली. बहिरेपणा आणणारी इंजेक्शने उपचारातून जवळपास हद्दपार झाल्याने ती व्याख्येतूनही गेली आणि त्यांच्या जागी बेडाक्विलिन व लिनेझोलिड ही औषधे आली. परिणाम असा की २०१२ मध्ये ‘एक्सडीआर’ ठरलेल्या रुग्णाचा तोच जंतू, काडीचाही न बदलता, २०२१ नंतर केवळ ‘प्री-एक्सडीआर’, म्हणजे ‘एक्सडीआर’च्या अलीकडच्या पायरीवरचा, ठरतो.

२०१२ च्या गदारोळातून काही निष्पन्न झाले नाही असे मात्र नाही. त्याच वर्षी मे महिन्यात क्षयरोगाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले आणि जूनमध्ये रक्तावरून निदान करणाऱ्या बेभरवशाच्या चाचण्यांवर बंदी आली. रिफाम्पिसिनविरोधी जनुकबदल दोन तासांत ओळखणारी यंत्रे मुंबईत वाढली. आठवड्यातून तीनदाऐवजी रोज औषध देण्याचे धोरण देशभर लागू व्हायला २०१७ उजाडले, तेही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर.

डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे वाद थंडावत असतानाच, अमेरिकेत बेडाक्विलिनला परवानगी मिळाली. चार दशकांहून अधिक काळाने क्षयरोगासाठी आलेले हे नव्या जातीचे पहिले औषध जंतूच्या ऊर्जानिर्मितीचा कारखानाच बंद पाडते. भारतात ते २०१६ मध्ये आले आणि सुरुवातीला मुंबईसह पाच शहरांतील सहा केंद्रांपुरतेच होते. निर्बंधांमागचे कारण ‘या औषधाचेही वाटोळे होऊ नये’ असे होते. ते समजण्यासारखे असले तरी एका तरुण रुग्णाच्या वडिलांना औषध मिळवण्यासाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयात जावे लागले. त्याच औषधाच्या क्षाररूपावरील पेटंट वाढवून घेण्याचा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबईतूनच फेटाळला गेला. त्याला आव्हान देणाऱ्यांमध्ये या रोगातून बऱ्या झालेल्या दोन महिला होत्या.

दरम्यान, उपचाराचा चेहरामोहरा बदलत होता. जुन्या पद्धतीत रुग्णाला दीड-दोन वर्षे, चौदा हजारांच्या आसपास गोळ्या आणि कित्येक महिने रोजचे इंजेक्शन घ्यावे लागे. दक्षिण आफ्रिकेत १०९ अत्यंत अवघड रुग्णांना बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड व लिनेझोलिड ही तीनच औषधे सहा महिने दिली गेली आणि दहापैकी नऊ जण बरे झाले; निष्कर्ष २०२० मध्ये आले. तीन देशांतील दुसऱ्या चाचणीत याच तिघांना मॉक्सिफ्लॉक्सासिनची जोड दिली, तेव्हा यशाचे प्रमाण ८९ टक्के निघाले. जुन्या पद्धतीचे ५२ टक्के होते. २०२४ मध्ये मान्यता मिळाली ती याच चौकडीला.

कारणांविषयीची समजूतही या दशकात हलली. ‘औषधे अर्धवट सोडली म्हणून रोग बळावला’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाने ऐकलेले असते. मुंबई महानगर परिसरातील जंतूंच्या जनुकीय अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवले की फ्लुरोक्विनोलोनलाही न जुमानणाऱ्या जंतूंचा एक वंश इथे जोमाने पसरतो आहे. म्हणजे पुष्कळांनी कोणतीही गोळी सोडलेली नसते; त्यांना जंतूच तयार प्रतिरोधी मिळालेला असतो. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर ठेवल्याने खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही, आणि तिथे क्षयरोग जास्त आढळतो हे पाहण्यांत दिसले आहे. त्या घरांत दुपारीही दिवा लावावा लागतो.

उरला प्रश्न नव्या औषधाचा. कुष्ठरोगासाठी वापरले जाणारे क्लोफाझिमिन मुळात १९५० च्या दशकात डब्लिनमध्ये क्षयरोगासाठीच शोधले गेले होते आणि आता ते पुन्हा क्षयरोगाच्या उपचारात आले आहे. अडचण अशी की जंतूतील ज्या एका जनुकबदलामुळे त्याचा असर जातो, त्यानेच बेडाक्विलिनचाही जोर कमी होतो. दोन तासांच्या सध्याच्या यंत्राला हा बदल दिसत नाही. त्यासाठी कल्चरचीच वाट पाहावी लागते, किंवा २०२४ मध्ये शिफारस झालेली जनुकक्रम वाचण्याची महागडी चाचणी करावी लागते. आजच्या व्याख्येतला ‘एक्सडीआर’ रुग्ण ओळखायचा तर बेडाक्विलिन व लिनेझोलिडपुढचे ‘एस’ की ‘आर’ हे अक्षर हाती यावे लागते. कल्चरवर ते यायला आजही काही आठवडे जातात आणि रुग्णाचा सहा महिन्यांचा कोर्स बहुधा त्याआधीच सुरू झालेला असतो.